रायझर

पंचवीस वर्षं भरली तेव्हा कंपनीनं
एक मनगटी घड्याळ दिलं आणि दहा शेअर.
घड्याळात वाळू गेली, बंद पडलं.
शेअरपायी मात्र दर श्रावणात
पिरनवाडीच्या पत्त्यावर जाडजूड पुस्तक येतंय,
गुळगुळीत कागदाचं, इंग्रजीत.
फोटोत आमची भट्टी असतीय. आम्ही नसतोय.

यंदा तेजलनं एका पानावर बोट ठेवलं.
बाबा, एम.डी.चा पगार
मध्यक कामगाराच्या एकशे चौऱ्याऐंशी पट.
मध्यक म्हणजे कोण गं?
सगळ्यांना पगाराप्रमाणं रांगेत उभं केलं
तर बरोब्बर मधला.

दुसऱ्या दिवशी कँटीनला आम्ही मधला शोधला.
पाळ्या आठवड्यात तीनच, वेळ होताच की.
सिद्राय म्हणाला मी, हुंदरे म्हणाला मी,
पगाराची चिठ्ठी कुणी दाखवेना.
शेवटी कोअर शॉपच्या भरमाण्णावर ठरलं.
लग्न ठरल्यासारखा लाजला बिचारा.
एकशे चौऱ्याऐंशी भरमाण्णा!
खानापूरच्या चार बसगाड्या भरतील,
दारात लोंबकळणारे धरले तर तीन.

भरमाण्णाच्या कन्नडात पगाराला संबळ म्हणतात.
आमच्यात संबळ गोंधळाला वाजवतात.
'नम्म संबळ' म्हणत त्यानं
दोन बोटांनी टेबल वाजवून दाखवलं,
आणि आम्ही चहा सांडेपर्यंत हसलो.

खोटं कशाला बोलू.
मार्गशीर्षात रात्री दोनला साहेब भट्टीपाशी आला होता,
एकटाच, डोळे आमच्याहून लाल.
ट्रॅक्टरवाल्यांनी ऑर्डर निम्म्यावर आणलीय, म्हणाला,
उद्यमबागेत किती शटरं खाली आली बघताय,
आपलं वर ठेवायला बघतोय.
खरं होतं ते.
त्याच्या जागी मी असतो तर
भट्टी दिवाळीलाच विझली असती,
मला बँकेतला फॉर्म भरायला तेजल लागतीय.
तर किंमत आहे त्याची.
किती, ते मला विचारू नका.
न झोपलेल्या रात्रीचा भाव मला ठाऊक नाही,
आमच्या रात्री कुणी तराजूत घातल्या असत्या
तर सांगितला असता.

पण एक गोष्ट मला येतीय.
साच्यात ओतलेलं लोखंड गार होताना आकसतंय.
मंदी म्हणजे तेच, दुसरं काय.
म्हणून जॉबाच्या डोक्यावर
आम्ही जास्तीचं लोखंड उभं करतो,
रायझर म्हणतात त्याला.
सगळ्यात उंच, सगळ्यात जाड.
ह्याला एवढं कशाला, असं कुणी म्हणत नाही.
कारण खालचं आकसायला लागलं
की तो वरनं पुरवत बसतोय,
शेवटपर्यंत थिजायचं नाही एवढंच त्याचं काम,
आणि पोकळी पडायची ती त्याच्याच पोटात पडतीय.
तो आधी थिजला
तर वरनं चकाचक दिसतोय
आणि भोक जॉबात.
वाहन चढाला लागलं की कळतंय.

सोमवारी चाळीस जणांना थांबवलं.
नोटीस कन्नडात होती,
भरमाण्णानंच आम्हाला वाचून दाखवली,
आपलं नाव आलं तिथं जरा खाकरला.
रात्री तेजल म्हणाली,
खालची माणसं कमी झाली की मधला वर सरकतोय,
पट आपोआप उतरतीय.
पुढल्या पुस्तकात एकशे साठ छापतील बघा.

मी माझी चिठ्ठी काढून बघितली.
मधला आता मीच की काय.

आज तोडणीला माणूस नव्हता, मीच हातोडी घेतली.
दुसऱ्या घावाला रायझर तुटला.
आत बघितलं.
भरीव.
मग जॉब उचलून कानाशी धरला
आणि दोन बोटांनी वाजवला.